किल्लीचे डोहाळे

“गाडी थांबवा,” मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, मला मळमळतंय. आमच्या हेळशीचा रस्ताच तसला होता. पोटुशी बाई राहू द्या, धडधाकट गडीसुद्धा त्या रस्त्यावर ओकायचा. ह्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि जीप गावाबाहेर, उपकेंद्रासमोर थांबली. मी उतरले. माझी वळकटी आणि कापडाची पिशवी ओढून खाली घेतली.

“अगं वैजा, सामान कशाला काढतीस?”

“राहायचंय म्हणून.”

“कुठं?”

“इथं,” मी म्हटलं, आणि उपकेंद्राच्या ओट्यावर जाऊन ऐसपैस बसले. मागं दाराला कुलूप होतं. ह्यांनी आधी कुलपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, “वाजव बाबा, किती वाजवायचाय तितका वाजव. मी काही उठत नाही.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या सकाळचा राग अजून माझ्या अंगात आहे. कुणी म्हणतं, जाऊ दे गं, झालं गेलं गंगेला मिळालं. मी म्हणते, गंगेला कशाला, राहू दे माझ्यापाशीच.

त्या सकाळी झालं काय होतं, ते सांगते. आमच्या घरात तेव्हा दोघी जणी गरवारशा होत्या: मी आणि माझी थोरली जाऊ, शालनताई. माझे दिवस भरत आलेले, त्यांचे माझ्या मागोमाग. आणि आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांना एकच घोर लागलेला.

“एका छपराखाली दोन गरवारशा बाळंत व्हायच्या न्हाईत,” त्या म्हणायच्या. “एकीला तरी भाईर निघाय पायजे. वैजे, तुझी पैली खेप, तू म्हायेरी जायाचं. शालनची दुसरी, ती सासरी. रीत हाय ती. म्या केलेली न्हाई.”

रीत मला मान्य होती. माझं माहेर तालुक्याचं गाव, तिथं सरकारी ग्रामीण रुग्णालय, दारात रिक्षा मिळते. माझ्या भावाला सुट्टी नव्हती म्हणून हे स्वतः मला पोचवायला निघाले होते. माझं काय अडणार होतं? मी नुसतं एवढंच विचारलं, “आणि शालनताईंना कळा लागल्या की त्यांनी कुठं जायचं?”

“देव हाय,” आत्याबाई म्हणाल्या.

“मागल्या खेपेला कुठं गेला होता?”

बोलले आणि घरातलं सगळं थांबलं. चुलीपुढं बसलेल्या शालनताईंनी भाकरी थापता थापता हात तसेच धरले. आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता कानाखाली बसते. पण त्या उठून परड्यात निघून गेल्या.

मागली खेप म्हणजे शालनताईंचं पहिलं बाळंतपण. त्यांना माहेर असं राहिलंच नव्हतं. आईबाप गेलेले, भाऊ मुंबईत कुठंतरी. म्हणून पहिलीही इथंच. अचानक कळा सुरू झाल्या. उपकेंद्राला कुलूप. मग जीप शोधली, ढेबेमाळच्या आरोग्य केंद्राकडं निघाले, आणि त्या खाचखळग्यांच्या रस्त्यात, जीपच्या मागल्या बाकड्यावर, पोर जन्मलं. रडलंही एकदा. पण त्याच्या नाकातोंडातलं काढायला, त्याला पुसून ऊब द्यायला जाणतं माणूस एकही नव्हतं. आत्याबाई होत्या, त्यांना काय करावं सुचेना. ढेबेमाळला पोचेपर्यंत पोर गार पडलेलं. तिथले डॉक्टर चांगले होते बिचारे. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, “बाळंतपण अगदी सरळ होतं हो. तुमच्या गावातल्या उपकेंद्रातसुद्धा झालं असतं.”

हे वाक्य शालनताईंनी मला किती वेळा सांगितलं असेल! भांडी घासताना, दळताना, काही नसताना. उपकेंद्रातसुद्धा झालं असतं.

दवाखान्यांच्या पायऱ्या असतात, हे मला माहेरी असल्यापासून ठाऊक होतं. गावात उपकेंद्र, तिथं सिस्टर: पोटुशीची तपासणी, लेकरांना लस, सरळसोट बाळंतपण. त्याच्यावर आरोग्य केंद्र, तिथं डॉक्टर. त्याच्यावर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. आणि सगळ्यात वर जिल्ह्याचं सिव्हिल. तिथं ऑपरेशन करून मूल काढतात. सरकारनं आमच्या गावाला पहिली पायरी बांधून दिली होती, पिवळा रंग लावून, फीत कापून. आणि आमच्या उपसरपंचांनी, दिनकर अण्णांनी, तिच्यात खताची पोती ठेवली. अण्णांचं कृषी दुकान होतं, गोदाम नव्हतं. सिस्टरनं राहायची खोलीसुद्धा ठिबकच्या नळ्यांनी भरलेली. मग तांबोळी सिस्टर बुधवारी यायच्या, देवळाच्या पारावर बसून सुया टोचायच्या आणि उन्हं कलायच्या आत एसटीनं निघून जायच्या. गावात म्हणायला उपकेंद्र होतं, आणि होतं कुलूप.

तर मी ओट्यावर बसले. समोरच नळकोंडाळं. बायका हंडे घेऊन आल्या आणि तिथंच थबकल्या. जरा वेळानं दिनकर अण्णा बुलेटवरून आले. नात्यानं आमच्या भावकीतलेच, माझे चुलत सासरे. मी डोक्यावर पदर घेतला. तेवढा मान दिला.

“सूनबाई, हे काय सोंग काढलंय?”

“सोंग नाही अण्णा, बाळंतपण काढलंय.”

नळावर कुणीतरी फिसकन हसलं.

“दवाखाना बंद हाय.”

“बंद कुठं? चांगला भरलाय की तुमच्या पोत्यांनी.”

“नर्स ऱ्हात न्हाई, म्हून पोती ठेवली. मोकळी इमारत काय कुत्र्यांना द्यायची?”

“पोती आहेत म्हणून नर्स राहत नाही. त्या काय युरियावर झोपणार?”

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. ते ह्यांच्याकडं वळले. “संपत, बायकोला आवर.”

हे खाली मान घालून उभे. गरीब स्वभाव, अण्णांपुढं कधी शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आता माझ्या दंडाला धरून जीपमध्ये बसवणार. पण हे हळूच म्हणाले, “ती आवरत न्हाई अण्णा. लगीन झाल्यापासनं बघतोय मी.” आणि ओट्याच्या कडेला येऊन बसले. नवऱ्यावर माझा जीव तसा आधीपासून होता, पण त्या दिवशी जरा जास्तच जडला.

“किल्ली द्या अण्णा,” मी म्हटलं.

“किल्ली ग्रामपंचायतीची हाय. अर्ज कर. मासिक सभेत विषय घेऊ.”

“माझं पोट मासिक सभेला थांबायचं नाही.”

“मग जा की म्हायेरी! तुला कुणी अडवलंय?”

“मला कुणी नाही अडवलं. शालनताईंना तुम्ही अडवलंय. त्यांच्या कळा सुरू व्हायच्या आत हे दार उघडायला पाहिजे. ते उघडेतोवर मी इथंच. इथंच बाळंत होईन, ओट्यावर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. मग काय लाज वाटायची ती गावाला वाटू दे.”

अण्णांनी बुलेटला लाथ मारली आणि निघून गेले.

काही दिवस तसेच गेले. शालनताई लपूनछपून भाकरी आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, “माझ्यापायी नगं गं. मी सोशीन.” मी म्हणायचे, “तुम्ही सोशिक आहात म्हणूनच तर बसलेय.” हे शेतातून येऊन माझ्यापाशी पडायचे. आत्याबाई मात्र त्या रस्त्यानं फिरकल्या नाहीत. घरची अब्रू वेशीवर टांगली म्हणून त्यांनी अबोला धरला होता. खरं सांगते, ते मला फार लागलं. अण्णांचं काही वाटलं नाही.

आता पोटुशी बाई दिसली की बायका विचारणारच, डोहाळे कसले लागलेत गं? चिंचेचे, बोराचे, मातीचे? नळावर एकीनं मला असंच विचारलं. मी म्हटलं, “किल्लीचे.”

झालं! हशा पिकला आणि तो शब्द गावभर झाला. वैजाला किल्लीचे डोहाळे लागलेत. पोरीसोरी येता-जाता विचारायच्या, “वहिनी, किल्ली खाल्ली का?” पण म्हाताऱ्या हसेनात. डोहाळे म्हणजे डोहाळे, मग ते कशाचे का असेनात. पुरवले नाहीत तर पोराच्या तोंडाची लाळ थांबत नाही, आणि पुरवायची ऐपत असून जो अडवतो त्याला पाप. पारावर अण्णा दिसले की म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, “दिनकर, दे बाबा त्या पोरीला काय ती. गरवारशीचं मन मोडू ने.” अण्णा म्हणायचे, “किल्लीचे डोहाळे असत्यात व्हय कुठं?” म्हाताऱ्या म्हणायच्या, “तुला काय ठावं? तू कधी गरवार ऱ्हायलायस?”

आणि एका दुपारी ताराकाकू आल्या. ताराकाकू म्हणजे अण्णांची बायको. तोंडातून ब्र न काढणारी बाई. आम्ही त्यांचा आवाज फक्त आरतीत ऐकलेला. हातात ताट होतं, त्यात हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण. नळावरच्या बायका गोळा झाल्या. काकू म्हणाल्या, “हेळशीची सून दिवस भरत आले तरी वट्यावर बसलीया, नि कुणी तिची वटी भरली न्हाई. मला बरं वाटंना. पदर पसर, पोरी.”

मी पाटाशिवायच मांडी घालून बसले आणि पदर पसरला. काकूंनी कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. तेवढ्यात बुलेटचा आवाज आला. अण्णा उतरून तरातरा चालत आले. काकूंनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. कनवटीला हात घातला आणि तांदळावर किल्ली ठेवली.

“तारा!” अण्णा ओरडले. “दे ती हिकडं!”

काकूंनी माझा पदर दोन्ही हातांनी मिटवून माझ्या पोटाशी धरला. म्हणाल्या, “वटीत घातलेलं माघारी घेत न्हाईत. घ्यायचं आसंल तर तुमी घ्या. घाला हात गरवारशीच्या वटीत, समद्या गावाम्होरं.”

अण्णा जागच्या जागी उभे राहिले. कुठला पुरुष घालेल हात?

“माझी दोन गेली,” काकू म्हणाल्या. “तवा गावात उपकेंद्र नव्हतं, म्हून मी कुणाला बोल लावला न्हाई. आता हाय, नि त्यात तुमची पोती झोपल्यात.”

बायकांनी पुढं कुणाची वाट बघितली नाही. दार उघडलं, आतून उंदरांच्या लेंड्यांचा आणि खताचा असा भपकारा आला की मी तोंडाला पदर लावला. बाळंतपणाच्या टेबलावर नळ्यांची भेंडोळी. दोघी-दोघींनी पोती ओढून बाहेर काढली आणि अण्णांच्या पायापाशी नेऊन रचली. “ह्ये घ्या अण्णा, ह्ये बी घ्या.” मग सोड्यानं घासलं, फिनेलनं धुतलं. इतका आनंद गावात लग्नाला होत नाही.

बुधवारी तांबोळी सिस्टर आल्या. त्या नेहमीसारख्या पाराकडं वळत होत्या, तर पोरींनी हात धरून इकडं आणल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं बघितलं. टेबल, धुतलेली फरशी, त्यांच्या खोलीत पसरलेली चटई, कोपऱ्यात भरून ठेवलेली घागर. मग नाक पुसून म्हणाल्या, “चल गं भांडखोर. तुझ्यापासून सुरुवात.”

मी ऐटीत टेबलावर चढले. सिस्टरांनी पोट चाचपलं. वर, खाली, पुन्हा वर. नळी लावून ठोके ऐकले. पुन्हा चाचपलं. त्यांचा चेहरा बदलला.

“काय झालं?”

“बाळाचे ठोके छान आहेत. पण डोकं वर आहे. पायाळू आहे.” त्यांनी माझा हात धरला. “पहिली खेप, मूलही मोठं वाटतंय. तुझं इथं नाही होणार, वैजयंता. ढेबेमाळला नको, तुझ्या माहेरच्या दवाखान्यातही नको. तिथं भूल द्यायला माणूस नाही. सरळ सिव्हिल. आणि कळा सुरू व्हायच्या आत. उद्याच नीघ.”

मला हसावं की रडावं कळेना. “सिस्टर, मी कशासाठी बसले मग इतके दिवस? ह्या टेबलासाठी तर सगळं केलं!”

“वेडे, उपकेंद्र नुसतं बाळंतपणाला नसतं,” त्या म्हणाल्या. “पुढं कुणाला पाठवायचं, ते वेळेत कळायलाही असतं. इथं टेबलावर कळलं तुला. जीपमध्ये कळा देताना कळलं असतं तर?”

पटत होतं. पण माझं मन हटेना. मी ओट्यावर आले तर समोर रस्त्याच्या कडेला अण्णा विडी ओढत बसलेले. पोती अजून तिथंच रचलेली, एकही उचलून नेलेलं नाही. त्यांच्या कानावर बातमी गेलीच असणार. मी उठून गेले की दुसऱ्या दिवशी पोती आत जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सिस्टर राहायला तयार होत्या, पण एकटीच्या जिवावर त्या अण्णांशी किती झगडणार? आणि शालनताईंचे पाय सुजायला लागले होते.

“मी नाही जात,” मी म्हटलं. “शालनताई मोकळ्या झाल्या की जाईन.”

“मरायचंय?” सिस्टर ओरडल्या. हे रडकुंडीला आले. हात जोडले, “वैजा, तुझ्या पाया पडतो.” मी भिंतीला पाठ लावून बसले ती बसलेच. आतून घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पोटातलं पोर ढुशी मारत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात म्हणत होते, थांब रे बाबा, थांब जरा.

तेव्हा रस्त्यानं आत्याबाई येताना दिसल्या. काखेत घोंगडी, हातात तांब्या. मागं पिशवी घेऊन शालनताई. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“ऊठ,” त्या म्हणाल्या.

“नाही उठणार, आत्याबाई. तुम्ही काही म्हणा.”

“ऊठ म्हंती ना! जागा दे. मला बसायचंय.”

मला काही कळेना. त्यांनी घोंगडी माझ्याशेजारी अंथरली, तांब्या ठेवला आणि मांडी घालून दारात अशा बसल्या की आत जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागलं असतं. मग शालनताईंना म्हणाल्या, “तू आत जा. आजपासनं तुझा मुक्काम हितं.” आणि माझ्याकडं वळल्या. “आता बग. एका छपराखाली दोन गरवारशा चालत न्हाईत. शालन आत हाय. तुला निघाय पायजे.”

“आत्याबाई...”

“ते पोर माझ्या मांडीवर गार झालं, वैजे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या ह्या मांडीवर. तू त्या दिशी देवाचं इचारलंस. मला उत्तर आलं न्हाई, म्हून बोलत नव्हते तुझ्याशी. जा आता. तुझं पोर धड घिऊन ये. हितली काळजी करू नगंस.”

मी त्यांच्या गळ्यात पडले आणि मोठ्यानं रडले. त्यांनी मला दोन क्षण रडू दिलं, मग पाठीत धपाटा घातला. “बास. म्या जीप ठरवलीया, गाडीवाला खोळंबलाय.”

सिव्हिलमध्ये माझं ऑपरेशन झालं. मुलगा झाला, पायाळू, धडधाकट, बेंबीच्या देठापासून ओरडणारा. शुद्धीवर आल्यावर मी आधी तोच आवाज ऐकला. वॉर्डात आमच्या बाजूची एक बाई होती, तिला हेळशीची हकीकत कळलेली. ती म्हणाली, “एवढा तमाशा केलास आणि शेवटी आलीस सिव्हिललाच!”

“आले,” मी म्हटलं. “पण पायऱ्या चढून आले. फेकली जाऊन नाही आले.”

टाके काढायच्या आधी हे गावाकडं एक फेरी मारून आले. वॉर्डाच्या दारातून येताना त्यांचा चेहरा बघून मी पोराला छातीशी धरलं. डोळे लाल होते.

“शालनवैनी मोकळ्या झाल्या,” हे म्हणाले. “पोरगी झाली.”

“आणि?”

“रडली की! इतकी रडली की नळावर ऐकू आलं. सिस्टरांनी तिथंच केलं सगळं, टेबलावर. आता वैनी काय तिला खाली ठेवत न्हाईत. आईनं हिसकावून घेतली, तवा कुठं दोन घास खाल्ले त्यांनी.”

मी डोळे मिटून घेतले. मग आठवण झाली तशी विचारलं, “आणि अण्णा?”

“आले हुते ना दुसऱ्या दिवशी! आईला म्हणाले, झालं न्हवं बाळंतपण, आता उठा, माझी पोती पावसात भिजतील. आई म्हणाली, भिजू देत. अण्णा म्हणाले, म्हातारे, मग उठणार तरी कधी?”

“मग काय म्हणाल्या आत्याबाई?”

ह्यांनी आईचा आवाज काढला, अगदी तसाच, तोंड फिरवून तपकीर ओढत. “म्हणाली, गावातली शेवटची गरवारशी बाळंत झाली की उठंन.”

हसायचं नाही, टाके ओढतील, असं नर्सबाईंनी मला दहादा बजावलं होतं. मी पोट धरून हसले.